पदेराची भट्टी आणि धुराचा कायदा

मुंबईच्या बिघडत्या हवेबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी एक आदेश दिला. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळावे आणि नव्या बेकऱ्यांना परवानगी देताना हीच अट घालावी, असा त्याचा आशय होता. पिढ्यान्‌पिढ्या इराणी चहाबरोबर ब्रुन-मस्का पुरवणाऱ्या भट्ट्यांपुढे त्यामुळे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला.

हा आदेश गोव्याला लागू नाही. तरीही गोमंतकीय वाचकाने तो दूरची बातमी म्हणून सोडून देऊ नये. पहाटे सायकलवरून पोंपों वाजवत येणारा पदेर जो उंडा, पोई आणि कांकण आपल्या दारात आणतो, त्यांतील बराचसा माल आजही सरपणाच्या भट्टीतूनच निघतो. शहरे दाटत आहेत, जुन्या फोर्नाच्या भिंतीला लागून सदनिका उभ्या राहत आहेत, आणि खिडकीत धूर येतो ही तक्रार शेजारधर्मावर मिटण्याचे दिवस सरत चालले आहेत. उद्या अशी एखादी तक्रार पर्वरीच्या खंडपीठापुढे गेली, तर आपल्याकडे उत्तर काय असेल? ‘ही आमची परंपरा आहे’ हे उत्तर धुराने खोकणाऱ्या माणसासमोर टिकणारे नाही. ‘लाकूड सरसकट बंद करा’ हे उत्तर सोपे खरे, पण त्यात भट्टी जळते कशी आणि त्या भट्टीवर पोट कोणाचे आहे, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात.

कायद्याच्या दोन किल्ल्या

याचे तिसरे उत्तर कायद्याच्या पुस्तकात चार दशकांहून अधिक काळ पडून आहे. १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याचे एकोणिसावे कलम राज्य सरकारला, प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून, एखादा भाग ‘वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार देते. अशा क्षेत्रात सरकारला दोन गोष्टी करता येतात. मान्यताप्राप्त इंधनाखेरीज अन्य इंधनावर बंदी घालता येते. किंवा मान्यताप्राप्त उपकरणाखेरीज दुसरे उपकरण वापरू नये, असे सांगता येते.

पहिली किल्ली इंधनाचे नाव पाहते, दुसरी उपकरण कसे जळते ते पाहते. दोहोंत मोठा फरक आहे. पहिली लावली की चांगली भट्टी आणि वाईट भट्टी एकाच दिवशी विझतात. दुसरी लावली की वाईट भट्टीला सुधारण्याचे कारण मिळते आणि चांगल्या भट्टीला बक्षीस. आपल्याकडील चर्चा मात्र बहुतेक वेळा पहिल्या किल्लीपाशीच थांबते, कारण ती वापरायला मोजमाप लागत नाही. लाकूड डोळ्यांना दिसते. धूर किती, हे मोजावे लागते.

ही दुहेरी रचना ब्रिटनमध्ये आधीपासून रुळलेली आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस साचून राहिलेल्या धूरधुक्याने हजारो बळी घेतले. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि स्थानिक नगरपालिकांना ‘धूर नियंत्रण क्षेत्रे’ जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. या क्षेत्रात लाकूड हे मान्य इंधन नाही. तरी तेथे लाकडाची शेगडी पेटवता येते, मात्र ती चाचणीत उत्तीर्ण होऊन सवलतप्राप्त उपकरणांच्या यादीत आलेली असली पाहिजे. लहान शेगडीसाठी या चाचणीची मर्यादा ताशी साधारण पाच ग्रॅम धूलिकण अशी राहिली आहे. उपकरण मोठे असेल तर क्षमतेनुसार थोडी अधिक मुभा मिळते. इंग्लंडमध्ये धुराड्यातून धूर ओकणाऱ्याला १७५ ते ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. यादीत नसलेल्या शेगडीसाठी अमान्य इंधन विकत घेतले, तर दंड एक हजार पौंडांपर्यंत जातो. स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या हजारो गोमंतकीयांना घर भाड्याने घेताना हा नियम माहीत असणे उपयोगाचे आहे. बैठकीतली सुंदर शेगडी दिसते म्हणून ती पेटवता येतेच असे नाही.

या यादीत केवळ घरगुती शेगड्या नाहीत, लाकडावर चालणाऱ्या पिझ्झाभट्ट्याही आहेत. पदेराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच. अन्नाच्या भट्टीला धूर नियंत्रणाच्या चौकटीत बसवणे शक्य आहे, हे इतरांनी करून पाहिले आहे. नेपल्सजवळच्या सान व्हितालियानो या गावाने डिसेंबर २०१५ मध्ये लाकडाच्या पिझ्झाभट्ट्यांना मनाई केली खरी, पण काजळी रोखणारी गाळणी बसवणाऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले. न्यूयॉर्क शहराने एप्रिल २०२४ पासून जुन्या लाकडी आणि कोळशाच्या भट्ट्यांना धूलिकण ७५ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले आणि ज्याला ते शक्य नाही त्याने तज्ज्ञाकडून तपासणी करून तसे सिद्ध करावे, अशी वाट ठेवली. दोन्ही ठिकाणी ओरड झाली, थट्टा झाली. मात्र दोन्ही नियमांचा रोख इंधनावर नव्हता, धुरावर होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चाचणीत उत्तीर्ण झालेली लाकडाची शेगडीसुद्धा गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीइतकी स्वच्छ नसते. ब्रिटनमध्ये इतके नियम असूनही सूक्ष्म धूलिकणांच्या एकूण उत्सर्जनातील मोठा हिस्सा घरगुती लाकूड जाळण्यातून येतो. प्रयोगशाळेत सुक्या, मोजून कापलेल्या लाकडावर मिळालेला आकडा आणि घरी हवेची झडप बंद करून रात्रभर धुमसत ठेवलेल्या शेगडीचा आकडा यांत बरेच अंतर पडते. अमेरिकेने २०२० पासून नव्या शेगड्यांसाठी मर्यादा ताशी दोन ग्रॅमवर आणली, तरी तेथेही हाच प्रश्न शिल्लक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. सूक्ष्म धूलिकणांसाठी या संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि आपले राष्ट्रीय मानक ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे आठपट सैल. तेव्हा दाट वस्तीत, वर चार मजले माणसे राहतात अशा इमारतीच्या तळाशी असलेल्या भट्टीसाठी गॅस किंवा वीज हाच योग्य पर्याय ठरेल. मुंबईतील अनेक भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे, पाडकामातले, रंग-गोंद लागलेले लाकूड जाळले जाते. त्याचा धूर विषारी असतो आणि त्याचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येणार नाही. गोव्यातही कोणी असे लाकूड जाळत असेल, तर ते आजच बंद व्हायला हवे.

पण वाड्यावरचा फोर्न, चारही बाजूंना माडांची मोकळी जागा आणि सुकी काजूची वा सुरूची लाकडे ही परिस्थिती वेगळी आहे. दोघांना एकच नियम लावणे म्हणजे मोजमापाच्या कामातून अंग काढून घेणे.

निर्धूर चुलीने दिलेला धडा

‘मान्यताप्राप्त उपकरण’ म्हटले की एक धोका समोर येतो. उपकरणे वाटून यादी पूर्ण केली की काम संपले, असे सरकारी यंत्रणेला वाटू लागते. हा अनुभव आपण एकदा घेतला आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात सुमारे दोन दशकांत कोट्यवधी चुली बसल्या. गावोगाव ‘निर्धूर चूल’ हा शब्द रुळला. त्यांतील किती चुली पाच वर्षांनी वापरात होत्या, याचे उत्तर जुन्या परसांत फुटलेल्या पाइपांच्या रूपाने सापडते.

निर्धूर हे नावच फसवे होते. धुराडे धूर कमी करत नाही. ते धूर घरातून बाहेर नेते. बाईचे डोळे वाचतात हे खरे आणि मोठेच, पण गल्लीची हवा तेवढीच बिघडते. ओडिशात हजारो कुटुंबांवर चार वर्षे चाललेल्या एका अभ्यासात एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी घरातील बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण नंतर हा फायदा उरला नाही. चुली दुरुस्त झाल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत, वापर कमी होत गेला. चूल प्रयोगशाळेत नापास झाली नव्हती; ती घरात टिकली नाही.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे आणि डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांच्यासारख्या संशोधकांनी चुलीच्या आणि जैवइंधनाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. भारतीय मानक ब्युरोचे चुलींसाठीचे मानकही आहे. आयएस १३१५२ या क्रमांकाच्या या मानकानुसार नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या सुट्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. भांड्याला मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे धूलिकण पहिलीत ३५० मिलिग्रॅमपेक्षा आणि दुसरीत १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. म्हणजे घरगुती चुलीसाठी मोजपट्टी आपल्याकडे तयार आहे. पदेराच्या भट्टीसाठी अशी मोजपट्टी बनवणे हे पुढचे काम आहे.

धूर म्हणजे वाया गेलेले सरपण

मोजपट्टी हातात येईपर्यंत भट्टीवाल्याने आणि घरमालकाने थांबून राहण्याचे कारण नाही. लाकूड तापले की त्यातून आधी ज्वलनशील वायू सुटतात. त्यांना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि जळायला पुरेशी जागा मिळाली तर ज्वाळा होते. यांपैकी एकही कमी पडले तर तेच वायू थंड होऊन धूर होतात. म्हणून धूर हे न जळलेले इंधनच असते. धुराड्यातून काळे लोट निघतात तेव्हा सरपणाला मोजलेले पैसे आभाळात जात असतात.

ओले लाकूड हा यातला सर्वांत मोठा शत्रू. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. वजनावर सरपण घेणारा पदेर ४० टक्के ओलाव्याचे १०० किलो लाकूड घेतो तेव्हा प्रत्यक्षात त्याला ६० किलो इंधन मिळते; २० टक्के ओलाव्याचे घेतले तर ८० किलो. त्यातही पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते, ज्वाळा थंड पडते आणि धूर वाढतो. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकले जाणारे सरपण २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे असणे बंधनकारक झाले, ते याचसाठी.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उघड्यावरचे कोणतेही लाकूड सुके राहत नाही. त्यामुळे परदेशातून आणलेली कितीही चांगली भट्टी गोव्यात आषाढ-श्रावणात नापास होऊ शकते, आणि जुनी भट्टी सुक्या सरपणावर बऱ्यापैकी वागू शकते. दिवाळीनंतर तोडून फोडलेले, जमिनीपासून उंच रचलेले आणि मे संपण्यापूर्वी छपराखाली गेलेले सरपण ही धूर कमी करण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. आपल्या आज्यांनी बेगमीच्या यादीत लाकडे धरली होती, ती उगाच नव्हे. आज ओलावामापक हे छोटे यंत्र सहज मिळते. ते नसेल तर दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहावेत. सुके लाकूड खणखणते, ओले भद्द वाजते.

निवड करताना

घरात लाकडाची चूल वा बंब घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न असा, की तो हवाच आहे का? स्वयंपाक गॅसवर गेला तरी अनेक घरांत न्हाणीतल्या भाणाखाली सरपण जळतेच. त्या कामाला सौरतापक पुरत असेल तर पावसाळ्याचे महिने वगळता धुराचा प्रश्नच उरत नाही. चूल घ्यायचीच झाली तर विक्रेत्याला मानकाचा क्रमांक आणि चाचणीतील धूलिकणांचा आकडा विचारावा. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘धूरविरहित’ या विशेषणांना किंमत देऊ नये. पंख्याची चूल स्वच्छ जळते, पण तिला वीज आणि लहान तुकड्यांत कापलेले सरपण लागते. ते करणारे हात घरात नसतील तर साधी चूल बरी. गरजेपेक्षा मोठी चूल टाळावी, कारण ती दाबून, धुमसत चालवली जाते. धुराडे छपराच्या वर गेलेले असावे आणि साफ करायला तळाशी झाकण असावे. जिथे झाकण नाही ते धुराडे साफ होणार नाही, हे ओडिशाचे कुटुंबही सांगेल.

पदेराचे गणित याहून वेगळे. घुमटाकार फोर्नात आधी जाळ करून चिरे आणि फरशी तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. साहजिकच सर्वाधिक धूर जाळ पेटवतानाच्या काळात होतो, तोही उत्तररात्री, जेव्हा हिवाळ्यात हवा स्थिर असते आणि जमिनीलगत साचते. त्यामुळे घुमटाला बाहेरून उष्णतारोधक थर देणे, दार घट्ट बसवणे आणि पेटवण जलद व कोरड्या बारीक सरपणाने करणे, या तीन साध्या गोष्टींनी जाळाचा काळ आणि सरपण दोन्ही घटतात. नवी भट्टी घेणाऱ्याने जाळाची पोकळी वेगळी असलेली, वरून दुसऱ्यांदा हवा मिळणारी रचना पाहावी. शेजारी वस्ती असेल तर काजळी गाळणारे उपकरण किंवा गॅस-लाकूड अशी जोडभट्टी यांचा खर्च मांडून पाहावा. गॅसवर पूर्ण जाणे ज्याला परवडते आणि ज्याच्या पावाची चव त्याला मान्य आहे, त्याने ते खुशाल करावे. त्यात परंपरेचा द्रोह नाही.

सरकारने काय करावे

मुंबईतल्या बेकरीवाल्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली ती न्यायालयाच्या आदेशाने. त्याआधीच्या वर्षांत भट्ट्यांची मोजणी, मान्य रचनांची यादी आणि कर्जाची सोय झाली असती तर ही मुदत इतकी जाचक ठरली नसती. गोव्याकडे आज वेळ आहे. राज्यातील लाकडी भट्ट्यांची नोंद करावी. त्यांतील निवडक भट्ट्यांचा धूर प्रत्यक्ष मोजावा, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्ही वेळा. अभियांत्रिकी महाविद्यालयांना सोबत घेऊन पदेराला परवडेल अशी सुधारित भट्टी तयार करावी. आणि मगच, पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को यांसारख्या दाट वस्त्यांपासून सुरुवात करून, मान्यताप्राप्त उपकरणांची अधिसूचना काढावी. अनुदान दिले तर ते भट्टी बसवल्यावर संपू नये. दोन वर्षांनंतरच्या तपासणीशी त्याचा एक हप्ता जोडावा. काजूच्या हंगामात पेटणाऱ्या फेणीच्या भट्ट्यांनाही पुढे हाच मार्ग लागू पडेल.

या साऱ्या चर्चेत एक माणूस नेहमी सुटतो. फोर्नाच्या तोंडाशी मध्यरात्रीपासून उभा राहून लांब फळीने पाव आत-बाहेर करणारा कामगार. पदेरकीचा धंदा सोडून नवी पिढी बाहेर पडली आणि अनेक ठिकाणी ही जागा परप्रांतीय तरुणाने घेतली. शेजाऱ्याच्या खिडकीत धूर पोचण्यापूर्वी तो त्याच्या छातीत गेलेला असतो, आणि त्याची तक्रार कोणत्याही खंडपीठापर्यंत जात नाही. भट्टीचा धूर मोजायला एखादा अधिकारी जाईल, तेव्हा त्याने यंत्र आधी धुराड्यावर न लावता या माणसाच्या नाकाच्या उंचीवर धरावे. आपल्या ताटातला पाव स्वच्छ आहे की नाही, याचा खरा आकडा तेथे मिळेल.